उशाखालची सुरी

लहान मूल झोपेत वारंवार दचकू लागले, किंचाळून उठू लागले, की घरातली आजी त्याच्या उशाखाली लोखंडाची एखादी वस्तू ठेवायला सांगते. कुठे अडकित्ता, कुठे सुरी, कुठे विळा. बाळंतिणीच्या खाटेखाली कोयता ठेवलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेतावर राखणीला जाणारा माणूस माळ्यावर निजतो तो कुऱ्हाड हाताशी घेऊनच. त्याचे कारण मात्र वेगळे, रानडुकरे आणि चोर. शहरात परवान्याचे पिस्तूल बाळगणारे काहीजण ते पलंगालगतच्या खणात ठेवतात.

लोखंडाने भुते पळतात की नाही, या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. रात्री मूल किंचाळत उठते तेव्हा घरातील माणसे हवालदिल होतात आणि काहीतरी करावे असे त्यांना वाटते, हे समजण्यासारखे आहे. आमचा प्रश्न साधा आहे. ज्याची झोप बिघडलेली आहे, त्याच्या हाताशी धारदार किंवा भरलेले हत्यार ठेवणे कितपत सुरक्षित? गेल्या सत्तर वर्षांत झोपेविषयी जे कळले आहे ते पाहता, हा उपाय ज्या माणसासाठी करायचा त्याच्याच बाबतीत तो सर्वांत धोक्याचा ठरतो. असे का, हे कळण्यासाठी झोपेच्या आत थोडे डोकवावे लागेल.

झोप म्हणजे एकच अवस्था नव्हे

आपण सहज बोलताना माणूस एक तर जागा असतो किंवा झोपलेला असतो असे म्हणतो. १९५३ सालापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचीही समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून दाखवल्या. झोपेच्या काही टप्प्यांत मिटल्या पापण्यांखाली डोळे झपाझप हलत असतात, आणि त्या वेळी उठवल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो, असे त्यांना आढळले. या टप्प्याला पुढे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ झोप म्हणू लागले. अ‍ॅसेरिन्स्की यांनी सुरुवातीचे प्रयोग आपल्या आठ वर्षांच्या मुलावर केले होते. प्रयोगाला घरचाच माणूस सापडावा, ही संशोधकांची जुनी सवय!

म्हणजे मेंदूच्या दृष्टीने अवस्था तीन : जागेपण, रेम झोप आणि रेम नसलेली झोप. या तिसऱ्या प्रकारातला सर्वांत खोल भाग म्हणजे गाढ झोप. तिच्यात मेंदूच्या विद्युत आलेखावर मोठ्या, संथ लाटा दिसतात. साधारण दीड तासाचे एक आवर्तन असते आणि रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. मात्र सगळी सारखी नसतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येते, तर रेम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. हे वेळापत्रक लक्षात ठेवावे. त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

एका अवस्थेतून दुसरीत जाताना सगळा मेंदू एकदम बदलतो असेही नाही. मोठ्या शाळेत एका वर्गाची घंटा झाली आणि दुसऱ्या वर्गात ती ऐकूच गेली नाही, तर जो गोंधळ होईल तसा गोंधळ मेंदूत कधी कधी होतो. काही भाग जागा होतो, काही झोपलेलाच राहतो.

हात जागे, ओळख झोपलेली

गाढ झोपेतून माणूस असा अर्धवट जागा झाला तर तीन गोष्टी घडू शकतात. तो बिछान्यातच उठून बसतो आणि गोंधळलेला असतो. किंवा किंचाळून, घामाघूम होऊन, छाती धडधडत उठतो. किंवा चालू लागतो. तिन्ही एकाच कुळातली आहेत. मुलांमध्ये हे प्रकार फार आढळतात, कारण त्यांची गाढ झोप भरपूर आणि खोल असते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहाव्या वर्षी १३.४ टक्के मुले झोपेत चालत असल्याचे दिसले. आई-वडील दोघांनाही लहानपणी ही सवय असेल तर ६१.५ टक्के मुलांमध्ये ती उतरलेली होती. म्हणजे हा बाहेरून लागलेला झपाटा नाही. बराचसा वारसा आहे. वयाबरोबर बहुतेकांचे हे आपोआप थांबते, थोड्यांचे मोठेपणीही राहते.

स्वित्झर्लंडमधील क्लाउडिओ बासेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एका सोळा वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र तो झोपेत उठलेला असतानाच मिळवले. हालचालींच्या समन्वयाशी आणि भावनांशी संबंधित काही भागांत रक्तप्रवाह वाढला होता. विचार, विवेक आणि आत्मभान ज्यांच्यावर अवलंबून असते ते कपाळामागचे व वरच्या बाजूचे भाग जवळजवळ झोपलेले होते. डोळे उघडे, हात-पाय कामाला तयार. पण समोरची व्यक्ती आई आहे की अनोळखी, हे ठरवणारा भाग गैरहजर. पुढे आठवणही बहुधा उरत नाही.

अशा माणसाच्या हाती हत्यार आले तर काय होईल, याचे एक जुने आणि नीट नोंदलेले उदाहरण अमेरिकेच्या केंटकी राज्यातले आहे. एक गृहस्थ निकोलसव्हिल गावच्या हॉटेलात रात्री बसल्या जागी झोपी गेले. हॉटेलचा नोकर त्यांना उठवू लागला. हाका मारून उठेनात म्हणून त्याने त्यांना हलवले. गृहस्थांनी डोळे उघडले, पिस्तूल काढले आणि गोळ्या झाडल्या. नोकर मेला. गृहस्थांना शिक्षा झाली, पण वरच्या न्यायालयाने १८७९ साली ती रद्द केली. लहानपणापासून त्यांना झोपेत चालण्याची सवय होती, आणि कोणी उठवले की आपल्यावर हल्ला होतो आहे असे समजून ते प्रतिकार करीत, हा पुरावा खालच्या न्यायालयाने ऐकूनच घेतला नव्हता. आणखी एक तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्यांना कोणीतरी जिवाची धमकी दिली होती आणि ते पिस्तूल त्यांनी त्याच दिवशी उसने आणले होते. जे हत्यार संरक्षणासाठी घेतले, ते नेमके ज्याच्यापासून काही भय नव्हते त्याच्यावर चालले.

एरवी असा माणूस गोंधळला असता, फार तर हात झटकला असता. झोपेची तीच बिघडलेली अवस्था दोन्हीकडे आहे. फरक पडला तो खिशातल्या वस्तूने.

झोपेतील हिंसेच्या ३२ प्रकरणांचा अभ्यास अमेरिकेतील मार्क प्रेसमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. झोपलेला माणूस उठून, शोधत जाऊन कोणाला मारतो असे क्वचितच होते. बहुतेक वेळा कोणीतरी त्याला धरलेले, अडवलेले किंवा त्याच्या अगदी जवळ गेलेले असते. म्हणजे मार खाणारा बहुधा घरचाच, आणि तोही काळजीपोटी जवळ गेलेला. माळ्यावर राखण करणाऱ्याला पाळी बदलण्यासाठी भाऊ किंवा मुलगा उठवायला जातो, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. उठवणाऱ्याने खालूनच नावाने हाक मारावी, विजेरीचा उजेड पाडावा. अंधारात वर चढून खांदा हलवू नये.

ग्लासगो येथे १८७८ साली याहून करुण प्रकार घडला. एक तरुण बाप झोपेत हिंस्र श्वापद पाहून त्याच्याशी झुंजला. ते श्वापद म्हणजे त्याचे दीड वर्षाचे मूल होते. हत्यार नव्हते, नुसते हात होते. न्यायालयाने त्याला जबाबदार धरले नाही. पण यापुढे तो एकटाच निजेल अशी हमी घेऊन मगच त्याला सोडले. मेंदूचा विद्युत आलेख तेव्हा कोणी पाहिलाही नव्हता, तरी झोपणाऱ्याला दोष न देता झोपण्याची जागा बदलायची, ही त्या न्यायालयाची दिशा आजच्या वैद्यकाला मान्य आहे.

आता दुसरा प्रकार. हा रेम झोपेतला आहे आणि पूर्णपणे वेगळा आहे. स्वप्न पडत असताना मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संदेश मज्जारज्जूतील चेतापेशींना गप्प बसवतात. डोळे आणि श्वासपटल सोडले तर बहुतेक स्नायू लुळे पडतात. स्वप्नात आपण कितीही धावलो तरी पाय गादीवरच राहतात ते यामुळे. फ्रान्समधील ल्यों येथे मिशेल झुव्हे यांनी साठच्या दशकात मांजरांच्या मेंदूतील हा रोधक भाग निकामी केला. मांजरे रेम झोपेत उठून उभी राहू लागली, नसलेल्या भक्ष्यावर दबा धरू लागली, झडप घालू लागली.

माणसातही असे होते, हे मिनिआपोलिस येथील कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले. हे रुग्ण बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेले पुरुष असतात. दिवसा अगदी शांत स्वभावाचे. पहाटेकडे मात्र ते स्वप्नातल्या चोराला लाथा मारतात, कुत्र्याला हाकलतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००० साली ९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांनी झोपेत जोडीदारावर हात टाकला होता आणि ३२ टक्के स्वतः जखमी झाले होते. आपण बायकोला हल्लेखोरापासून वाचवतो आहोत असे स्वप्न पाहणारा माणूस प्रत्यक्षात तिलाच मारत असतो, असे प्रकार डॉक्टरांनी नोंदले आहेत. काही रुग्ण रात्री स्वतःला पट्ट्याने किंवा दोरीने पलंगाला बांधून घेत. अशा माणसाच्या उशाखाली सुरी ठेवली तर?

या विकाराबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी लक्षात ठेवावी. तो पुष्कळदा कंपवाताची किंवा तत्सम मेंदूविकाराची फार आधी मिळालेली सूचना असते. अनेक देशांतील १२८० रुग्णांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दरवर्षी सुमारे ६ टक्के रुग्णांमध्ये असा विकार उघड झाला. तेव्हा “म्हातारपणी स्वप्ने फार पडतात” म्हणून हा प्रकार हसण्यावारी नेऊ नये, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे.

‘मला असले काही होत नाही’

येथवर वाचून एखादे गुरुजी म्हणतील, आम्ही झोपेत चालत नाही की लाथा मारत नाही; मग आम्हाला काय धोका? धोका कमी आहे, पण शून्य नाही. अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक प्रौढांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १५ टक्के लोकांना वर्षभरात एकदा तरी गोंधळलेल्या अवस्थेत जाग आली होती. आणि अगदी निरोगी माणसाचीही जाग आल्यावर पंधरा ते तीस मिनिटे गुंगी राहते. जागरण झाले असेल तर अधिक वेळ राहते. हिला आपण झोपेची जडता म्हणू. जर्मन भाषेत ‘झोपेची नशा’ अशा अर्थाचा एक जुना शब्दच आहे.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणात मुख्य वैमानिक दीड तासाहून अधिक काळ झोपले होते. उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यावा असे सहवैमानिकाने तीनदा सुचवले, यंत्राचे इशारे वाजले, तरी त्यांनी तो सोडला नाही. झोपेच्या जडतेमुळे त्यांचा निर्णय बिघडला असावा, असे चौकशी अहवालात नमूद आहे. हजारो तास उड्डाण केलेल्या माणसाची ही गत. तर मध्यरात्री भांडे वाजले म्हणून दचकून उठलेल्या माणसाने अंधारात क्षणार्धात चोर आणि पाणी प्यायला उठलेला मुलगा यांतला भेद ओळखावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ही जडता वरच्या वर्गातल्या मुलांना घरी मोजता येईल. रात्री ३० सेंटिमीटरची पट्टी उशाशी ठेवावी. सकाळी जाग येताच घरातल्या कोणी पट्टी उभी धरून न सांगता सोडावी आणि विद्यार्थ्याने ती चिमटीत पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२० सेकंद लागले, ३० सेंटिमीटरवर तर ०.२५ सेकंद, मुक्त पतनाच्या सूत्रावरून हे विद्यार्थी स्वतःच काढतील. लगेच १०० मधून सात-सात वजा करत जायला सांगून एका मिनिटात किती पायऱ्या झाल्या आणि किती चुकल्या ते लिहावे. अर्ध्या तासाने पुन्हा दोन्ही मोजावे. आठवडाभराच्या नोंदींतून हाताचा वेग अधिक बिघडतो की डोक्याचा हिशेब, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या तक्त्यावरून द्यावे. वर्गात चर्चेला हा चांगला विषय होतो.

झोपेच्या गोळ्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. झोल्पिडेम आणि त्याच्या जातीची औषधे घेतल्यावर काही जण झोपेतच उठून स्वयंपाक करतात, गाडी चालवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. त्यांनी तपासलेल्या ६६ गंभीर प्रकरणांत २० मृत्यू होते, आणि जखमांमध्ये स्वतःच्याच हातून लागलेल्या गोळीच्या जखमाही होत्या. झोल्पिडेम आपल्याकडेही वापरले जाते. तेव्हा गोळी सुरू करताना घरात हत्यार कोठे आहे हे डॉक्टरांना सांगावे.

निद्रानाशाचेही असेच आहे. रात्र-रात्र झोप न येणे हे आत्महत्येचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक मानले जाते, आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात. काळवंडलेली ती घटका पुष्कळदा निघून जाते. हत्यार हाताशी नसेल तर ती निघून जायला वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात जवळच्या माणसाला उठवता येते, डॉक्टरांना गाठता येते.

मग हत्यार ठेवायचे कोठे? येथे झोपेच्या दोन प्रकारांतला फरक कामी येतो. रेम झोपेत उठणाऱ्याचे डोळे बहुधा मिटलेले असतात आणि तो बिछान्यापासून फार दूर जात नाही. त्याच्या हाताच्या टप्प्यात काही नसले की बराच धोका टळतो : सुरी, काठी, काचेचा तांब्या, टोकदार कोपऱ्याचे टेबल हे सगळे दूर करावे, गादी जमिनीवर घालावी, जोडीदाराने काही काळ वेगळे निजावे. झोपेत चालणाऱ्याचे मात्र डोळे उघडे असतात आणि अंगवळणी पडलेली कामे तो सफाईने करतो. १९८७ साली टोरोंटोजवळच्या एका तरुणाने वीस किलोमीटरहून अधिक गाडी चालवत जाऊन सासूला ठार केले. तो झोपेत होता हे ज्यूरीने मान्य केले आणि १९९२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. या निकालावर तज्ज्ञ आजही वाद घालतात. पण झोपेत चालणाऱ्याला हत्यार दुसऱ्या खोलीत ठेवणे पुरेसे नाही, एवढे त्यातून घ्यावे. तेथे कुलूप हवे, काडतुसे वेगळ्या कुलपात हवीत आणि किल्ली रोजच्या जागी न ठेवता दुसऱ्या जाणत्या माणसाकडे हवी. दाराला घंटी बांधली तर घरच्यांना जाग येते.

“चोर आला तर कुलूप उघडत बसायचे का?” असा प्रश्न हमखास येतो. हो, उघडत बसायचे. बिछान्यातून उतरणे, दिवा लावणे, किल्ली मागणे या प्रत्येक पायरीला जी सेकंदे जातात, त्यांतच मेंदूचे उरलेले भाग जागे होतात. शेतावर कुऱ्हाड लागतेच. ती माळ्याच्या खांबाला, उतरून घ्यावी लागेल अशी बांधावी. आणि घरी आजी ऐकतच नसेल तर घोड्याची नाल द्यावी. लोखंडही होते आणि धारही नसते. बाळाच्या पाळण्यात मात्र तीही नको.

मूल झोपेत चालताना दिसले तर त्याला गदागदा हलवू नये. हळू आवाजात बोलत, वाट मोकळी करत बिछान्याकडे वळवावे. डॉक्टरांकडे जाताना प्रकार रात्री किती वाजता होतो, डोळे उघडे असतात की मिटलेले, सकाळी काही आठवते का आणि घोरणे आहे का, हे लिहून न्यावे. पहिल्या तीन तासांतला प्रकार आणि पहाटेचा प्रकार यांचे उपचार वेगळे आहेत. घोरताना श्वास अडकत असेल तर त्यावरचा उपचारच पुष्कळदा बाकीचे थांबवतो.

शाळांचे काम यात थोडेसेच, पण नेमके आहे. श्रमसंस्कार शिबिरात दिवसभराची दमणूक, अपुरी झोप आणि नवी जागा हे सगळे एकदम येते, आणि झोपेत चालण्याची सवय असलेल्या मुलाला एवढे निमित्त पुरते. शिबिराच्या संमतिपत्रात “मुलाला झोपेत उठून चालण्याची सवय आहे का?” एवढी एक ओळ घालावी आणि अशा मुलाला जिन्यापासून दूर, खालच्या मजल्यावर जागा द्यावी. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शिबिरांत कोयते, कुदळी आणि पहारी मुले निजतात त्याच दालनाच्या कोपऱ्यात रचलेल्या असतात. त्या संध्याकाळीच दुसऱ्या खोलीत कुलपात जाऊ द्याव्यात, आणि किल्ली दाराशी निजणाऱ्या शिक्षकाकडे असावी.